साताऱ्यात इटालियन स्पोर्ट बाईक सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोल पंपावर, चहाच्या गाड्यावर आणि फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. माझ्याकडे डुकाटी मॉन्स्टर ८२१ आहे. पुण्यातून जुनी घेतलेली, एमएच १२ पासिंगची. त्यामुळे कल डुकाटीकडे आहे. अप्रिलिया या दुसऱ्या इटालियन कंपनीचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

कितीला पडली?

पहिला प्रश्न नेहमी हाच असतो. आकडा सांगत नाही, पण पैसा कुठे जातो ते सांगतो. डुकाटी भारतात बनत नाही, तयार होऊन येते, त्यामुळे शोरूमच्या किमतीत आयातीचा बोजा आधीच बसलेला असतो. त्यात सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या सगळ्या मोटरसायकलींवर ४० टक्के जीएसटी लागतो. आधी तो २८ टक्के आणि वर ३ टक्के उपकर असा होता. मग आरटीओचा कर आणि विमा. शोरूमची किंमत ऐकून घरी आलेला माणूस ऑन रोडचा कागद बघून गप्प बसतो.

अप्रिलिया आरएस ४५७ चा मामला निराळा. ती इटलीतल्या कंपनीची असली तरी बनते आपल्या शेजारी, बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात. डिसेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा एक्स शोरूम ४ लाख १० हजार होती. ४५७ सीसी, दोन सिलिंडर, साधारण ४७ अश्वशक्ती. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याला मी तीच सुचवतो. फलटणला पाहुण्यांकडे गेलं की तिथून कारखाना फार लांब नाही, एवढ्या जवळची इटालियन दुसरी नाही.

ॲव्हरेज किती देते?

हायवेला अठरा ते वीस. गावात विचारू नका.

जुनी घ्यायची तर काय बघायचं?

जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'फक्त सहा हजार किलोमीटर पळालेली, एकहाती'. गाडी आठ वर्षांची असेल तर हे वाचून मी खूश होत नाही, सावध होतो. या गाड्यांना किलोमीटरपेक्षा कॅलेंडर जास्त खातं. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा, पाच वर्षांनी बदलायचाच, गाडी पळो न पळो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. कूलंट, बॅटरी, फोर्कचे सील, टायरचं रबर, सगळं उभ्या उभ्या म्हातारं होतं. दर रविवारी वाईपर्यंत जाऊन आलेली वीस हजारांची गाडी, झाकून ठेवलेल्या सहा हजारांच्या गाडीपेक्षा मी आधी बघेन.

बघायला जाताना मालकाला सांगा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गरम लागलं तर विचारा, का? थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं यातच बॅटरी, इंधन आणि व्हॉल्व्हची निम्मी कहाणी कळते. मग टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीतले चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गोट्या कितीही शिल्लक असल्या तरी एवढा जुना टायर बदलायचाच, आणि तो खर्च किमतीतून वजा करायचा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, चेसिसवर जिथे ते टेकतं तो ठोकळा बघा. चेपलेला किंवा नवा रंग दिलेला असेल तर गाडी जोरात पडलेली आहे. फोर्कच्या चकचकीत नळीवरून बोट फिरवा, तेलाची कडी लागली तर सील गेलं.

दोन्ही किल्ल्या मागा. बरोबर किल्लीच्या कोडचं कार्ड येत असेल तर तेही. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा, फोटोवर विसंबू नका. सर्व्हिसची बिलं कागदावर हवीत. 'सगळं टाईम टू टाईम केलंय' हे बिल नव्हे.

बंगळुरूची गाडी स्वस्त मिळतेय, आणू का?

स्वस्त दिसते, कारण महाराष्ट्राचा कर त्यात नाही. तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मग इथला कर नव्याने, मग इथला नंबर. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यामागे धावायची तयारी हवी. कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. हे सगळं बेरजेत धरा आणि मग पुण्या-मुंबईच्या गाडीशी तुलना करा. पुण्याची गाडी साताऱ्याच्या नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर परत भरावा लागत नाही. नंबर एमएच १२ च राहतो. एमएच ११ दिसायला पाहिजे म्हणून रडणारे मित्र आहेत माझे, त्याला इलाज नाही.

डेस्मो डेस्मो म्हणतात ते नेमकं काय?

साध्या इंजिनात व्हॉल्व्ह कॅम उघडतो आणि स्प्रिंग बंद करते. डुकाटीच्या डेस्मोमध्ये उघडायला एक रॉकर, म्हणजे छोटा दांडा, आणि ओढून बंद करायला दुसरा. स्प्रिंगच्या भरवशावर काही नाही. १९५० च्या दशकात स्प्रिंगचं पोलाद आजच्याइतकं चांगलं नव्हतं. इंजिन फार फिरलं की स्प्रिंग मागे पडायची आणि व्हॉल्व्ह वेळेत मिटायचा नाही. फाबिओ टालिओनी या इंजिनिअरने १९५६ मध्ये १२५ सीसीच्या रेसिंग डुकाटीला ही व्यवस्था बसवली आणि ती गाडी स्वीडनमधली आपली पहिलीच शर्यत जिंकली. तेव्हापासून बोलोन्याच्या डुकाटी कारखान्याने ही गोष्ट घट्ट धरून ठेवली. आता मात्र त्यांची काही नवी इंजिनं पुन्हा स्प्रिंगवर आली आहेत, कारण स्प्रिंग सुधारल्या आणि गिऱ्हाईक सर्व्हिसच्या खर्चाला कंटाळलं.

तो खर्च असा येतो. प्रत्येक व्हॉल्व्हला दोन फटी मोजाव्या लागतात, उघडण्याची एक आणि बंद होण्याची एक. माझ्या ८२१ मध्ये आठ व्हॉल्व्ह, म्हणजे सोळा फटी. मोजमाप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. फट चुकली की त्या जागची बारीक चकती, म्हणजे शिम, बदलायची. तिथवर पोचायला टाकी, एअरबॉक्स, रेडिएटर सगळं हलवावं लागतं. मजुरी त्याची असते, शिमची नाही. ८२१ ला हे काम ३० हजार किलोमीटरला येतं. डुकाटीच्याच ९५९ आणि पानिगाले व्ही ४ ला २४ हजारांना. एअरकूल्ड ७९७ आणि स्क्रॅम्बलरला १२ हजारांनाच, पण त्यात चारच व्हॉल्व्ह, त्यामुळे काम सुटसुटीत.

बिल पाच आकडी येतं. जुनी गाडी २८ हजार किलोमीटरवर विकायला का निघाली, हे आता सांगायला नको.

बेल्ट तुटला तर काय होतं?

पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट रबराचा असतो आणि त्याला झीज कमी, वय जास्त लागतं. म्हणून 'पाच वर्षं किंवा ठरलेले किलोमीटर, जे आधी येईल ते' असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बेल्टची जोडी इंजिनाच्या किमतीपुढे काहीच नाही, इथे कंजुषी करणाऱ्याशी मी वाद घालत नाही. ९५९ किंवा पानिगालेला बेल्ट नसतो, आत चेन असते. अप्रिलिया ४५७ लाही ही भानगड नाही.

साताऱ्यात सर्व्हिस होते का?

डुकाटीची अधिकृत सर्व्हिस साताऱ्यात नाही, पुणे गाठायचं. एकशे दहा किलोमीटर, म्हणजे सकाळी लवकर निघून नाश्त्याला तिथे. मुक्काम पडणार हे धरूनच चाला, दुपारी चारला गाडी मिळेल या आशेवर परतीची कामं ठरवू नका.

पण प्रत्येक गोष्टीला पुणे लागत नाही. चेन, ब्रेक पॅड, बॅटरी, एअर फिल्टर, हवा, लिव्हरचं ग्रीसिंग ही घरची कामं. इंजिन ऑइल आणि फिल्टरही, वॉरंटी संपली असेल आणि हातात टॉर्क रेंच, म्हणजे ठरल्याएवढंच आवळणारा पाना, असेल तर. आपले मिस्त्री हाताने हुशार आहेत, बुलेटचं इंजिन डोळे मिटून उतरवतील. अडचण हाताची नाही, सवयीची आहे. 'जरा अजून आवळतो' या सवयीने ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमधले ड्रेन बोल्टचे आटे जातात, आणि मग दोनशे रुपयांचं काम कितीवर जातं ते विचारू नका. त्यामुळे मिस्त्रीकडे द्यायची तर मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा लिहून न्या आणि रेंच आपला द्या. त्यांना राग येत नाही, उलट गंमत वाटते.

ऑइल १५डब्ल्यू ५०, चारचाकीचं नाही. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए २ लिहिलेलं बघा. पातळी काचेच्या खिडकीतून बघायची, गाडी सरळ उभी धरून. साइड स्टँडवर बघाल तर कमी दिसेल आणि उगाच जास्त ओताल. ऑइल बदलल्यावरही डॅशबोर्डवरची सर्व्हिसची सूचना जात नाही, ती घालवायला निदानाचं यंत्र लागतं. ती दिसते म्हणून घाबरू नका, पुढच्या पुण्याच्या फेरीत घालवून घ्या.

व्हॉल्व्ह, बेल्ट, फोर्क आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, काही असेल तर मात्र पुणेच.

चेनची काळजी कशी घ्यायची?

दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसात भिजून आल्यावर लगेच. फिरून आल्या आल्या करा, चेन कोमट असते तेव्हा मळ सुटतो. मागचं चाक पॅडॉक स्टँडवर घ्या, न्यूट्रल टाका आणि चावी काढून खिशात ठेवा. गाडी गिअरमध्ये टाकून, चाक आपोआप फिरतंय त्यावर फडकं धरणारी मंडळी मी बघितली आहेत. त्यात बोटं जातात. हे वाक्य शब्दशः घ्या.

रॉकेल आता सहज मिळत नाही, आणि ते बरंच झालं. चेन क्लीनर मारा, मऊ ब्रशने चारही बाजूंनी घासा. तारेचा ब्रश नको, कड्यांमधल्या रबरी रिंगा फाटतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. कोरडं पुसा. ल्यूब आतल्या बाजूने, खालच्या पट्टीवर, चाक हाताने मागे फिरवत मारा. रात्रभर तसंच राहू द्या. लगेच निघालात तर ते सगळं रिमवर उडतं.

ढील किती हवी हे स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, आणि गाडी कशी उभी करून मोजायची तेही. मोजताना चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सगळ्यात ताठ जागा धरून सैल करायची. जास्त ताठ ठेवली तर मागचं बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट दोन्ही भरडतात.

पावसाळ्यात काय करता?

जून ते सप्टेंबर खरी परीक्षा, आणि ती चालवणाऱ्याची कमी, उभ्या गाडीची जास्त. साताऱ्याचा पाऊस महाबळेश्वराइतका नाही, पण हवेतली ओल तीच. चार महिने ताडपत्री टाकून ठेवलेली गाडी ऑक्टोबरात काढली की बॅटरी मेलेली, डिस्क तांबडी, टाकीत पाणी आणि सीटखाली उंदरांचा संसार. उंदीर वायरिंगचं आवरण चावतात. माझ्या सीटखाली एकदा भुईमुगाची टरफलं सापडली, वायर वाचली हे नशीब.

म्हणून उघडीप मिळेल तशी आठवड्यातून एकदा काढायची आणि इंजिन पूर्ण तापेपर्यंत किमान वीस-पंचवीस किलोमीटर फिरवायची. शेडमध्ये उभ्या उभ्या पाच मिनिटं सुरू करून बंद करणं सगळ्यात वाईट. तेवढ्यात बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये, ऑइलमध्ये पाणी मात्र साठतं. जमणारच नसेल तर बॅटरीला ट्रिकल चार्जर लावून ठेवा, टायरखाली प्लायवूड घाला, हवा थोडी जास्त भरा. प्लास्टिकच्या ताडपत्रीपेक्षा जुनी सुती चादर बरी, ओल अडकत नाही.

वॉशिंग सेंटरला नेलीत तर प्रेशरचा पाइप आपल्या देखत मारायला सांगा. चाकाची बेअरिंग, चेन, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या आणि वायरची सॉकेट यांच्यावर थेट मारा नको.

पेट्रोल कुठलं टाकायचं? इथेनॉलने इंजिन जातं का?

मॅन्युअल ९५ ऑक्टेन म्हणतं, साधं पेट्रोल पूर्वी ९१ असायचं. म्हणून साधं ९५ चं नसेल तिथे ९५ चं प्रीमियम, मिळेल तेव्हा. प्रीमियममध्ये इथेनॉल नसतं हा गैरसमज आहे, ९५ ऑक्टेनमध्येही असतं. अनेक डुकाटींच्या टाकीजवळ ई १० असं लिहिलेलं असतं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत चालेल, आणि पंपावर आता ई २० आहे. लगेच इंजिन बसत नाही. त्रास होतो तो रबर-प्लास्टिकला, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं त्याचा. काही जुन्या डुकाटींच्या प्लास्टिकच्या टाक्या इथेनॉलने फुगल्या, अमेरिकेत त्यावरून खटला झाला होता. तशी टाकी असलेली जुनी गाडी घेत असाल तर टाकी चेसिसवर नीट बसते का, हे बघूनच पैसे मोजा. बाकीच्यांनी पेट्रोल महिनोन्महिने टाकीत मुरवू नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

भावाच्या वरातीला देता का?

नाही. कारण कंजुषी नाही. या इंजिनाला रेडिएटर आहे, पण तो थंड व्हायला वारा लागतो. बँजोच्या मागे तासात दोनशे मीटर सरकताना पंखा सतत फिरतो, मागचा सिलिंडर थेट मांडीखाली तापतो, अर्धा क्लच दाबून दाबून प्लेटा जळतात, आणि नवरदेवाच्या शेरवानीला चटका बसतो. राजवाड्यावर संध्याकाळी अडकलो तर मीसुद्धा बंद करून ढकलतो. पारा शंभरच्या वर गेला, पंखा सुरू झाला, की घाबरायचं कारण नाही. तो उतरतच नसेल तर थांबायचं.

गावात सहाव्या गिअरमध्ये बुलेटसारखी डुगडुगत नेऊ नका. तीन हजार फेऱ्यांच्या खाली हे इंजिन धक्के देतं. खालचा गिअर टाका, गाडी लगेच शहाणी होते.

पंक्चर झाली तर?

ट्यूबलेस आहे, त्यामुळे पंक्चर किट आणि छोटा पंप सीटखाली ठेवा. चाक काढायची वेळ आली तर ८२१ ला साधा ॲक्सल आहे. एका बाजूच्या स्विंगआर्मवाल्या मोठ्या मॉडेलना मागे ५५ मिलिमीटरचा एकच भला मोठा नट असतो आणि त्याचा पाना हायवेच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे नसतो. तो पाना घेऊनच गाडी घ्या. टायर काढायला मशीन हवं, पहार लावू देऊ नका, रिमला दात पडतात.

बंद पडली तर पुण्याला कशी न्यायची?

विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर आधी किती किलोमीटरपर्यंत नेतात ते वाचा. नाहीतर छोटा हत्ती. बांधताना हँडलला दोरी घालू नका, फोर्कच्या खालच्या त्रिकोणी क्लॅम्पला दोन्हीकडून रुंद पट्टे घाला, पुढचं सस्पेन्शन थोडं दबेपर्यंत ओढा, आणि साइड स्टँड वर घ्या. स्टँडवर उभी करून बांधलेली गाडी पहिल्या खड्ड्यात आपलं सगळं वजन त्या स्टँडवर टाकते.

सायलेन्सर बदलू का?

टर्मिन्योनी या इटालियन सायलेन्सरचा आवाज मलाही आवडतो. पण बहुतेकांवर 'फक्त रेसिंगसाठी' लिहिलेलं असतं, आणि पोलिसांनी असले सायलेन्सर रोलरखाली घातल्याचे फोटो तुम्ही पेपरात पाहिलेच असतील. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये मूळ सायलेन्सरही पुरेसा घुमतो.

चालवायची कुठे?

यवतेश्वर घाट चढून कास, पण फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी नाही. तेव्हा तिथे गाड्यांची रांग असते आणि तुम्ही फक्त क्लच दाबत बसता. एरवी पहाटे जा. वळणावर वाहून आलेली खडी असते आणि पलीकडे म्हैस असू शकते. ठोसेघर-चाळकेवाडीचा रस्ता, पवनचक्क्यांमधला, वारा सोडला तर छान.

पुण्याला जाताना खंबाटकीचा जुना बोगदा ओलांडला की उतारावर एस आकाराचं वळण आहे, तिथे जपून. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. मग १०९ अश्वशक्तीचं काय करायचं, असं विचाराल. ओव्हरटेक. ऊसतोडीच्या हंगामात शेंद्र्याच्या आसपास अंधारात मागचे दिवे नसलेली ट्रॉली समोर येते, तेव्हा ती ताकद नाही, ब्रेक उपयोगी पडतात. हंगामात मी सूर्यास्तानंतर निघतच नाही.

मागे बसता येतं का?

येतं, पण बसणाऱ्याला विचारून सांगा. आमच्या घरी याचं उत्तर एकदाच मिळालंय.

स्पीड ब्रेकरला घासते का?

मॉन्स्टर सहसा नाही. पानिगालेचं खालचं फेअरिंग घासतं. तिरकी काढा.

विकायची झाली तर गिऱ्हाईक मिळतं का?

साताऱ्यात बघायला शंभर येतात, घ्यायला कोणी नाही. पुण्यात किंवा मुंबईत टाका. दिवाळीनंतर काढा, पावसाच्या तोंडावर नको. बेल्ट आणि डेस्मोचं बिल हातात असेल तर भाव टिकतो, नसेल तर समोरचा तो खर्च धरूनच बोलतो, आणि त्याचं बरोबर असतं. पैसे खात्यात आल्याशिवाय फॉर्म २९ वर सही करू नका. चाचणी फेरीला पाठवताना त्याचा परवाना आणि त्याच्या गाडीची चावी आपल्याकडे ठेवा.